घरी शिकते म्हणता, मग वही दाखवा

आमच्या कंधारात एखाद्या मुलीबद्दल विचारलं आणि "घरीच शिकते" असं उत्तर आलं, की त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे ती खरोखर घरी बसून शिकते. पुस्तकं आहेत, वेळ ठरलेली आहे, परीक्षेचा अर्ज भरलेला आहे. दुसरा अर्थ, तिची शाळा सुटली आहे आणि तसं कुणाला म्हणायचं नाही. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. आत गेल्यावरही पहिला अर्धा तास सारखीच दिसतात, कारण पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन येणारी मुलगी दोन्हीकडे तीच असते.

फरक ओळखण्यासाठी मी अलीकडे एकच प्रश्न विचारते. नियोजन कुठे लिहिलंय? आज काय वाचायचं, या आठवड्यात कोणतं प्रकरण संपवायचं, अर्जाची मुदत कधी, हे कुठेतरी लिहिलेलं असेल तर मुलगी शिकते आहे. नसेल तर ती घरी आहे, एवढंच.

म्हणूनच "आपा, नियोजनासाठी मोबाईलमधलं अ‍ॅप बरं की साधं रजिस्टर?" असं कुणी आई विचारते तेव्हा मला तो प्रश्न किरकोळ वाटत नाही. मी अकरा वर्षं उर्दू शाळेत शिकवलं. आता घरी तीन मुलींचा दहावीचा अभ्यास घेते, एक माझी आणि दोन मोहल्ल्यातल्या. दोघींचं माध्यम मराठी, एकीचं उर्दू. माझं उत्तर रजिस्टर हेच आहे. मोबाईलला दोन-तीन कामं जरूर द्यावीत, पण नियोजन त्याच्या ताब्यात देऊ नये. वहीच्या कागदाचा वास, पेनाची मजा असल्या गोष्टींसाठी मी हे म्हणत नाही. माझी कारणं घरातली आहेत.

आधी कोणत्या घरांबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. होमस्कूलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईची घरं येतात. मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रवेश मिळाला. तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं होतं आणि प्रोग्रॅमिंगच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर ती तिथे पोचली. ती बातमी आपल्याकडेही मोबाईल-मोबाईलवर फिरली. चांगलंच आहे. पण कंधार, लोहा, मुखेडकडे घरी शिकणं म्हणजे बहुतेक वेळा सतरा नंबरचा फॉर्म. पाचवी पास असली आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली की दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. आपला भाग लातूर विभागीय मंडळात येतो. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सुटे सुटे देता येतात, उर्दू माध्यमही आहे. शिवाय महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी-आठवीच्या पातळीवरही परीक्षा घेतं. कोणती वाट धरली त्यावर नियोजनाचा सांगाडा ठरतो. सतरा नंबरवाल्या मुलीपुढे एकाच हंगामात सहाशे गुणांचा डोंगर असतो. एनआयओएसवाल्या मुलीपुढे टेकड्या असतात, एक उतरून दुसरी चढायची.

आता ही अ‍ॅप. घरी शिकवणाऱ्यांसाठी म्हणून जी मिळतात, त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या आयांसाठी बनवलेली आहेत. तिथल्या अनेक राज्यांत घरी शिकवणाऱ्या पालकांना वर्षातले ठरावीक दिवस, बऱ्याच ठिकाणी १८०, भरल्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणून त्या अ‍ॅपमध्ये हजेरीचे तक्ते, तासांची बेरीज, छापून देता येईल असं प्रगतिपुस्तक असा सगळा थाट. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिले आहेत, पण ते शाळांना. घरी बसून दहावी करणाऱ्या पोरीची हजेरी बघायला तालुक्याहून कुणी येत नाही. मग तो रंगीत तक्ता भरायचा कुणासाठी? आपल्याला नियोजन दाखवायचं आहे ते सरकारला नाही, घराला. आणि घराला दाखवायचं तर ते घरात असायला हवं.

इथेच मोबाईल अडतो. मोबाईल कुणाचा, हा खरा प्रश्न आहे.

२०२० मध्ये "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं म्हणत सगळ्यांनी कंबर कसली होती. सह्याद्रीवर टिलीमिली लागायची, दीक्षा अ‍ॅप होतं, आम्ही शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय पाठवायचो. माझ्या वर्गातल्या मुलींची उत्तरं दिवसा कधी आलीच नाहीत. ती रात्री दहानंतर यायची, अब्बा कामावरून आल्यावर, आणि त्यांच्या फोनवर भावाचं झाल्यावर. कधी उत्तरासोबत भावाच्या गेमचा फोटोही यायचा. आज घरात फोन वाढलेत, हे खरं. पण पंधरा वर्षांच्या मुलीचा स्वतःचा फोन किती घरांत आहे? आणि जिथे आहे तिथे तो कधीही काढून घेतला जाऊ शकतो, ही तलवार तिच्या डोक्यावर असतेच. कुणी काही चुगली केली, रात्री उशिरापर्यंत स्क्रीन चमकताना दिसली, की फोन जप्त. फोनसोबत तिचं नियोजनही जप्त. अभ्यासाची वही मात्र मी आजवर कुठल्याच घरात जप्त झालेली पाहिली नाही. आपल्याकडे लिहिलेल्या कागदाचा अदब आहे, खाली पडला तर उचलून वर ठेवतात.

माझा धाकटा भाऊ हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुरुवातीला त्याने मोठ्या हौसेने तिन्ही मुलींचं कॅलेंडर मोबाईलवर बसवून दिलं. प्रत्येक विषयाला रंग, प्रत्येक प्रकरणाला घंटी. एका मुलीच्या घरी चांगला फोन एकच, तिच्या अब्बांचा, आणि अब्बांचं खताचं दुकान. पेरणीचे दिवस, काउंटरवर गर्दी, आणि खिशात वाजायचं, "बीजगणित, अंकगणित श्रेढी, सरावसंच". पंधरा दिवसांनी ते मला म्हणाले, "आपा, अब तो ये बीजगणित मेरेकूच आ जाएगा." आम्ही हसलो. पण त्या मुलीचं नियोजन रोज सकाळी नऊला दुकानात जात होतं आणि रात्री मुक्कामाला घरी येत होतं, ही काही हसण्याची गोष्ट नव्हती. ती स्वतः मात्र दिवसभर अंदाजाने वाचायची.

दुसरी अडचण लाल रंगाची. ठरलेलं काम झालं नाही की अ‍ॅप ते लाल करतं आणि मागच्या खात्यात टाकतं. आपल्या घरात वर्षाला दोन तरी लग्नं असतात. हळदीपासून वलिम्यापर्यंत आठ दिवस सगळं घर देगलूरला नाही तर उदगीरला. परतल्यावर मुलगी अ‍ॅप उघडते तर सव्वीस कामं लाल. तिथेच तिचा धीर सुटतो. वहीत तसं होत नाही. तिने झालेल्या कामावर बरोबरची खूण करायची, राहिलेल्याला बाण काढून पुढच्या आठवड्यात न्यायचं. बाणही राहिलेलंच काम सांगतो, पण तो तिने स्वतः काढलेला असतो. काय पुढे न्यायचं, काय सोडून द्यायचं, हे ठरवताना ती अख्खा अभ्यासक्रम पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालते. मशीनने आपोआप पुढे ढकललं असतं तर हा विचार तिने केलाच नसता.

मग येतो रमजान. नियोजनाची खरी कसोटी आपल्याकडे इथे लागते.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २ मार्चला पहिला रोजा आला. शेवटचे पेपर रोज्यात गेले. २०२६ मध्ये परीक्षेच्या तोंडावरच रमजान लागला आणि जवळजवळ सगळे पेपर रोज्यात. २०२७ मध्ये ईदच परीक्षेच्या दिवसांत येईल अशी चिन्हं आहेत. म्हणजे निदान या काही वर्षांत तरी मराठवाड्यातल्या मुस्लिम विद्यार्थ्याला शेवटच्या उजळणीचं नियोजन सहरी आणि इफ्तारभोवती बांधावं लागणार. सहरीनंतरचा दीड तास सर्वांत मोलाचा. पोट भरलेलं, घर शांत, डोकं ताजं. गणित तेव्हा. दुपारी जुहरनंतर डोकं चालत नाही, तेव्हा भूगोलाचे नकाशे, आकृत्या. असरनंतर मुलीला स्वयंपाकघरातून हाक येणारच, तेव्हा तिथे काही लिहूच नये. इफ्तारनंतर तासभर सुस्ती. मोबाईलमधलं कुठलंही कॅलेंडर हे ओळखत नाही. त्याच्या लेखी मंगळवारची दुपार म्हणजे मंगळवारची दुपार.

आणि चंद्र तर त्याला त्याहून ओळखता येत नाही. अनेक अ‍ॅपमध्ये हिजरी तारीख गणिताने किंवा सौदीच्या हिशेबाने ठरते. आपल्याकडे चाँद बहुधा एक दिवस नंतर दिसतो, म्हणून त्या अ‍ॅपमध्ये एक दिवस मागेपुढे करायची सोय ठेवावी लागते. चाँदरात म्हणजे काय ते ज्यांच्या घरी नाही त्यांना कसं समजावू? मगरिबनंतर सगळी गच्चीवर, कुणी नांदेडला फोन लावतंय, कुणी हैदराबादला, रूयत-ए-हिलाल कमिटीचा निर्णय आला का विचारतंय. आठ वाजेपर्यंत उद्या रोजा की नाही हेच माहीत नसतं. अशा रात्री पुढच्या तीस दिवसांचं वेळापत्रक एका दिवसाने सरकवायचं असतं. म्हणून मी मुलींना रमजानचं पान पेन्सिलीने आखायला लावते आणि तारखेच्या जागी "पहिला रोजा, दुसरा रोजा" असं लिहायला सांगते. चंद्र दिसला की बाजूला इंग्रजी तारखा भरायच्या. दहा मिनिटांचं काम.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. नियोजनाची वही आपल्याला बाहेरून शिकायची गरजच नाही. ती आपल्या मदरशात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

ज्यांच्या घरी कुणी हाफिज झालंय त्यांनी ती पाहिली असेल. हिफ्ज करणाऱ्या मुलाची छोटी डायरी असते, तिच्यात रोजचे तीन रकाने. सबक म्हणजे आजचा नवा पाठ. सबक-पारा म्हणजे सध्या जो पारा चालू आहे त्यातलं गेल्या काही दिवसांतलं. आणि आमोख्ता म्हणजे जुनं, मागे पाठ झालेले पारे. मुलगा रोज तिन्ही ऐकवतो. कितीही हुशार असला तरी आमोख्ता ऐकवल्याशिवाय उस्ताद सबक पुढे देत नाहीत. प्रत्येक रकान्यापुढे उस्तादांची सही, चुका मोजलेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी घरच्यांच्या सहीचीही जागा. तीस पारे, पंधरा ओळींच्या प्रतीत पाऱ्याला साधारण वीस पानं, म्हणजे सहाशेवर पानं डोक्यात बसवायची आणि बसलेली जाऊ द्यायची नाहीत, हे काम नुसत्या चिकाटीवर होत नाही. त्या तीन रकान्यांवर होतं. आज अँकीसारखी अ‍ॅप विसरायच्या आत पुन्हा विचारण्याचा जो हिशेब संगणकाने करतात, तोच हिशेब एक उस्ताद शिसपेन्सिलीने करत आलाय. फरक इतकाच की अ‍ॅपला मुलाचा चेहरा दिसत नाही. मूल अडखळलं ते विसरल्यामुळे की रात्री झोप झाली नाही म्हणून, हे उस्तादांना समोर बसून कळतं.

मी तिन्ही मुलींची रजिस्टरं याच रकान्यांवर बांधली. दोनशे पानी रजिस्टर, उघडल्यावर समोर येणारी दोन पानं म्हणजे एक आठवडा. आडव्या ओळीत दिवस, उभे तीन रकाने: नवं, चालू, जुनं. सोमवारी नव्यात वर्गसमीकरणं, चालूमध्ये रेषीय समीकरणं, जुन्यात नववीचे बहुपदी. विज्ञानाचंही तसंच, इतिहासाचंही. शाळेत असताना आम्हा शिक्षकांना वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचं टाचण काढावं लागायचं. माझ्या टाचणवहीत फक्त "आज काय शिकवणार" एवढंच असायचं. "काल शिकवलेलं आज किती उरलंय" याला जागाच नव्हती. हिफ्जच्या डायरीत तीन रकान्यांपैकी दोन त्यालाच दिलेले आहेत. लातूर पॅटर्नचा एवढा गाजावाजा होतो, पण त्याच्या मुळाशीही पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षाच आहेत, आणि तो पॅटर्न नावारूपाला आला तेव्हा मुलांच्या हातात मोबाईल नव्हते.

उर्दू माध्यमाच्या मुलीचं रजिस्टर उजवीकडून सुरू होतं. ती पहिल्या दिवशी थोडी बिचकली, इतर दोघींची वही डावीकडून होती. मी म्हटलं, तुझी वही, तू ठरव. आता तिचा "नवं"चा रकाना उजव्या कडेला आहे आणि आठवडाही उजवीकडून डावीकडे चालतो. अ‍ॅपमध्ये एवढी साधी गोष्ट करायला सेटिंगच्या सेटिंगमध्ये शिरावं लागलं असतं.

शुक्रवारचा रकाना आम्ही वेगळा ठेवलाय. त्या दिवशी नवं काही नाही. जुमा असतो, घरात वर्दळ असते. त्यात अभ्यासाबाहेरची पण परीक्षेसाठी लागणारी कामं लिहायची: फोटो काढणं, आधारवरचं नाव दाखल्याशी जुळतंय का बघणं, प्रकल्पाचे कागद आणणं.

भावाशी माझा यावर बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, वही हरवते, भिजते, तिची दुसरी प्रत नसते. यात खोटं काही नाही. पहिल्या पावसाळ्यात एका मुलीच्या घराचे पत्रे गळले आणि जुलैची पानं एकमेकांना चिकटली. मग आम्ही ठरवलं की दर शुक्रवारी आठवड्याच्या पानांचा फोटो काढून मला पाठवायचा. मोबाईलने प्रत सांभाळायची, एवढं काम त्याला दिलं. दुसरं काम मुदतींचं. सतरा नंबरचा अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच भरावा लागतो, मग कागदपत्रं जोडून मिळालेल्या शाळेत द्यायची, तोंडी परीक्षा आणि प्रकल्पही तिथेच. यातली एक तारीख चुकली तर विलंब शुल्क, दुसरी चुकली तर वर्ष. अशा तारखेला घंटी हवीच, आणि ती मोठ्या माणसाच्याच फोनमध्ये हवी. खताच्या दुकानात वाजली तरी चालेल. किंबहुना तिथेच वाजावी, कारण दाखला आणायला जायचं काम त्यांचं आहे. तिसरं काम पुस्तकांचं. बालभारतीची पुस्तकं, उर्दूतलीसुद्धा, फोनवर उतरवून घेता येतात. कमी पडलेलं पुस्तक मिळेपर्यंत तेवढं पुरतं.

जाता जाता, बालभारतीनेही २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत लिहायला कोरी पानं घातली होती आणि २०२५ मध्ये ती बंद केली. वही आणि पुस्तक एक करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. नियोजन आणि मोबाईल यांचं तसंच काहीसं होतं.

पैशाचं म्हणाल तर रजिस्टर शंभराच्या आत येतं आणि वर्षभर पुरतं. त्यात जाहिरात लागत नाही, आणि मुलगी किती वाजता उठते, कोणत्या विषयात कच्ची आहे हे ते कुणाला कळवत नाही. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. पण आपण "मान्य आहे" वर बोट कसं ठेवतो ते आपल्यालाच ठाऊक.

आता भिंतीबद्दल. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, घरीच संस्कृत शिकवलं. दिवसभराची कामं सुरू होण्याआधी, पहाटे उठवून. त्या घरात वडील स्वतः शास्त्री आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचे होते. तरीही मुलीला वेळ मिळाला तो कामं सुरू व्हायच्या आधीचा. दीडशेवर वर्षं झाली, आपल्या घरांतही तेच आहे. मुलगी घरी आहे म्हटल्यावर तिचा वेळ सगळ्यांचा होतो. "जरा दूध बघ", "धाकट्याला घे", "फुफीजान आल्या, चहा टाक". यातलं कुणीच वाईट नाही, कुणाला तिचा अभ्यास बुडवायचाही नाही. पण तिचा अभ्यासाचा तास कुठे दिसतच नाही, मग तो मोडला हे तरी कसं दिसणार?

म्हणून रजिस्टर कपाटात ठेवायचं नाही. आम्ही त्याला सुतळी ओवून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगतो, कालनिर्णयच्या शेजारी. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं. त्यात सगळ्या धर्मांचे सण असतात, म्हणून आपल्याही भिंतीवर ते सुखाने नांदतं. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा दिवस सगळं त्याच्या चौकटींत लिहिलेलं. घराचा खरा कारभार त्या भिंतीवर चालतो. मुलीच्या अभ्यासाचे तासही तिथेच लिहिलेले असले की ते दुधाच्या हिशेबाइतके खरे होतात. माझ्या सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, पण चौकट भरली की रिकामी, एवढं त्यांना दिसतं. परवा त्या माझ्या नणंदेला म्हणाल्या, "उसकू नक्को बुलाओ, उसका खाना खाली है अब तक."

आपली एवढी झाडाझडती भिंतीवर टांगलेली मुलींना आवडेल का, असं भाऊ म्हणाला. मी मुलींनाच विचारलं. दोघींना चालतं. एकीला नाही. तिला वाटतं, चुकांची संख्या सगळ्यांना कशाला दिसावी. बरोबर आहे तिचं. तिच्या रजिस्टरात आता भिंतीकडचं पान फक्त वेळांचं आहे, चुका ती मागच्या पानांत लिहिते आणि ती पानं फक्त मला दाखवते. घराने तिचा वेळ पाहावा, तिची अक्कल मोजू नये, ही तिची अट मला पटली.

खताच्या दुकानवाल्यांच्या मुलीच्या रजिस्टरात सध्या एक ओळ मला खुपते. शुक्रवारच्या रकान्यात तिने लिहिलंय, "अब्बांनी जुन्या शाळेतून दाखला आणणे", आणि पुढे बाण. तोच बाण पुढच्या शुक्रवारी, त्याच्याही पुढच्या शुक्रवारी. काल चौथा झाला. तिच्या आईने तो भिंतीवरच पाहिला, आणि आज सकाळी मला निरोप आलाय की सोमवारी त्या स्वतः शाळेत जाणार आहेत.